डीची रेषा

“बाहेर,” हे म्हणाले आणि उखडलेल्या गवताशी बुटाचं टोक टेकवून उभे राहिले. “चेंडू मारलास तो इथून. रेषा तिथे. गोल नाही.”

मधली धापा टाकत समोर उभी होती. आमच्या वरच्या मजल्यावर तीन बहिणी राहतात, त्यांतली ही मधली. मोठी आणि धाकटी घरात सापडतात, ही मैदानात. तिच्या फटक्याने गोलची फळी दणाणली होती, पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या आणि तेवढ्यात ह्यांची शिट्टी वाजली.

“काका, मी आत होते,” ती म्हणाली. मैदानावर ती ह्यांना कधी काका म्हणत नाही. तिथे हे पंच आणि ती सेंटर फॉरवर्ड, ओळखदेख घरी. त्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं.

“बघ की खाली.”

तिने बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं. स्टिकने गवत उपटून झालेला खड्डा बाहेरच्या बाजूला आणि पांढरीशुभ्र रेषा त्याच्या पुढे, गोलच्या बाजूला. वाद घालायला जागाच नव्हती. मीही बाकावरून उठून बघून आले आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, पोरगी उगाच हट्टाला पेटलीय.

हॉकी न बघणाऱ्यांसाठी सांगते. गोलसमोर अर्धवर्तुळासारखी रेषा आखतात, तिच्या आतल्या भागाला डी म्हणतात. डीच्या आत असताना चेंडूला स्टिक लागली तरच गोल. बाहेरून मारलेला चेंडू जाळी फाडून गेला तरी त्याची किंमत शून्य. लग्नाआधी मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. लग्नानंतर न कळून सांगते कुणाला?

तो गोल मिळता तर बरोबरी झाली असती आणि आधीचे सामने जिंकल्यामुळे आमच्या पोरी मोठ्या स्पर्धेला गेल्या असत्या. तिथे निवड करणारी माणसं येतात. मधलीचं ज्युनिअर गटातलं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वय उलटणार, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. सामना संपल्यावर समोरच्या पोरी नाचत गेल्या आणि आमच्या पोरी बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत राहिल्या. मधलीने नाड्यासुद्धा सोडल्या नाहीत.

हे वजन-मापांच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहेत, लांबी विभागात. दुकानदारांच्या पट्ट्या, कारखान्यांची मापं, जमीन मोजणाऱ्यांच्या टेपा, सगळ्यांचं खरं-खोटं ह्यांच्या टेबलावर ठरतं. मैदानावर ह्यांना ‘मिलिमीटर’ म्हणतात. मागून म्हणतात असं ह्यांना वाटतं. तोंडावरही म्हणतात, पण ह्यांचं लक्ष रेषेकडे असतं.

एकदा मला त्यांनी प्रयोगशाळा दाखवायला नेलं होतं. बाहेर घामाच्या धारा आणि आत हे स्वेटर घालून. खोली म्हणे बारा महिने एकाच तापमानाला ठेवायची असते. टेबलावर एक चकचकीत पोलादी ठोकळा होता, तो सहज उचलायला गेले तर हे असे धावले, जणू मी कुणाचं तान्हं पोर पळवतेय. हाताच्या उबेने तो लांबतो. कितीने, असं विचारलं तर म्हणाले, “तुला दिसणार नाही इतका. पण लांबतो.” मग तो ठोकळा पुन्हा गार होईपर्यंत आम्ही दोघं नुसते बसून राहिलो. माणसं नवराबायको म्हणून बागेत बसतात, आम्ही ठोकळ्याजवळ बसलो.

“खरी लांबी कुणालाच माहीत नसते गं,” तेव्हा ते म्हणाले होते. “आपण फक्त एवढंच सांगायचं, की आपण जास्तीत जास्त इतके चुकलो असू. तेवढं प्रामाणिकपणे सांगितलं की काम झालं.”

आता असा माणूस घरात असला म्हणजे काय होतं ते माझं मला ठाऊक. चहात साखर ठीक आहे का, असं विचारलं तरी उत्तर ‘साधारण’. पाहुणे कधी येणार, ‘साधारण संध्याकाळी’. उभ्या संसारात ह्यांनी मला ‘छान दिसतेस’ असं एकदाही ठामपणे सांगितलेलं नाही. ‘ह्या रंगात बरी दिसतेस असं वाटतं’, इथवर मजल गेलीय.

हॉकीत मात्र हा माणूस वेगळा. तरुणपणी लेफ्ट हाफला खेळायचे. मग गुडघा गेला, स्टिक दाराआड गेली आणि ह्यांनी शिट्टी धरली. मी एकदा छेडलं, “आठवडाभर इतकं तोलून-मापून बोलता, मग तिथे क्षणात निकाल कसा देता हो?”

“म्हणून तर जातो,” ते म्हणाले. “शिट्टीत कमी-जास्त नसतं. वाजली की वाजली. आठवड्यातून एकदा मला खात्रीने बोलता येतं.”

हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला हसू आलं आणि थोडी असूयाही वाटली.

त्या खात्रीसाठी रेषा खरी हवी, म्हणून डी ते स्वतःच आखायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पोलादी टेप चुन्याने खराब होते म्हणून त्यांनी एक सुती दोरी करून घेतली होती. नियमातल्या अंतराची, एका टोकाला गोलच्या खांबात अडकवायचा फास, दुसऱ्या टोकाला कडी. कडीत स्प्रिंगचा ताणकाटा अडकवायचे, का तर दोरी दर वेळी सारख्याच जोराने ओढली गेली पाहिजे. मग काट्यावर नजर ठेवून वाकत-वाकत चुना टाकत फिरायचे. पोरी तोंडावर हात धरून हसायच्या. हसेनात का, त्या रेषेवर कधी कुणी हूं की चूं केलं नव्हतं. मिलिमीटरने आखलीय म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

सामन्यानंतर दोन-चार दिवसांनी मधली माझ्याकडे आली. मी शिवणकाम करते आणि संघाचे स्कर्ट माझ्याकडेच असतात. तिच्या स्कर्टची चुणी उसवली होती. मशीनशेजारी स्टुलावर बसली आणि खाली पडलेले सुटे दोरे बोटाला गुंडाळत राहिली.

“अजून तेच डोक्यात आहे का?” मी विचारलं.

“काकू, मी खोटं बोलत नाही.”

“अगं, खोटं कोण म्हणतंय? पण रेषा सगळ्यांना दिसली ना.”

“रेषा दिसली. पण माझ्या पायांना कळतं हो. लहानपणापासून त्याच गवतावर पळतेय. डोळे बांधून पळवलंत तरी डी कुठे लागते ते सांगेन. त्या दिवशी मी आत शिरले आणि मगच मारलं. रेषाच पुढे सरकली होती.”

“हो, रेषा काय चालत येते?” मी म्हणाले आणि दोरा तोडला. जरा तोडूनच बोलले. नवऱ्याच्या कामावर कुणी बोट ठेवलं की माझं असं होतं.

ती स्कर्ट घेऊन गेली. हे आतल्या खोलीत होते, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. बाहेर आले, खिडकीशी उभे राहिले.

“तिचं मोजमाप स्वतंत्र आहे,” ते म्हणाले.

“कसलं मोजमाप? पाय म्हणजे काय टेप आहे?”

“टेप नाही. पण तिने हजारो वेळा तेच अंतर मोजलंय. दोन मोजमापं जुळत नसली तर एकाला खोटं म्हणायच्या आधी दोन्ही तपासायची असतात. मी तिचं तपासलं. माझं नाही तपासलं.”

आणि खेळाच्या पिशवीतून त्यांनी दोरी काढली. ती टेबलावर पडताच मी आपली कौतुकाने म्हणाले, “बघा, किती स्वच्छ निघाली. काय कळकट झाली होती. पिशवीला वास मारत होता नुसता.”

ह्यांचा हात तिथल्या तिथे थांबला.

“तू धुतलीस?”

“मग काय. सामन्याच्या आधीच, फडक्यांबरोबर. उकळत्या पाण्यात घातली तेव्हा कुठे...”

ह्यांच्याआधी मला कळलं. अहो, मी जन्मभर कापड कापत आलेय. सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय मी त्याला कात्री लावत नाही. शिवण शिकायला येणाऱ्या नव्या मुलींना पहिला धडा हाच देते, की आधी भिजवा, आटू द्या, मग कापा, नाही तर पहिल्या धुण्यात गिऱ्हाईक बोंब मारत येईल. आणि मीच ही दोरी उकळत्या पाण्यात घातली. कारण माझ्या डोक्यात सूत म्हणजे कापड. दोरी म्हणजे दोरी. आणि ह्यांच्या डोक्यात धुणं हा प्रकारच नव्हता. ह्यांच्या प्रयोगशाळेत कुणी काही धूत नाही.

आमच्या मजल्याचा व्हरांडा लांब आहे. ह्यांनी एक टोक मला धरायला दिलं, ताणकाटा लावला, काट्यावर नजर ठेवून दोरी ताणली, शेजारी पोलादी टेप पसरली. शेजारीण दारातून डोकावली आणि ह्या दोघांचं नेहमीचंच काहीतरी असेल अशा चेहऱ्याने आत गेली. हे वाकून वाचत होते. मग गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाले.

“कितीने?” मी विचारलं.

त्यांनी दोन्ही हातांच्या विती टेपवर शेजारी-शेजारी ठेवून दाखवल्या. दोन विती. साधारण वगैरे काही म्हणाले नाहीत.

म्हणजे डी तेवढी लहान आखली गेली होती. सामन्याआधी गवत कापलं होतं, जुनी रेषा राहिली नव्हती, तेव्हा शंका येणार कशी? आणि मधलीचा तो खड्डा रेषेपासून एका वितीवर होता. मीही बघितला होता, बाकावरून उठून.

मला रडू आलं. हे माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं, मीही तोंड वाजवलं असतं आणि भांडण करून मोकळे झालो असतो. पण ते दोरीची गुंडाळी करत बसले.

“माझ्यामुळे झालं,” मी म्हणाले. “सांगा सगळ्यांना, की बायकोने धुतली.”

“दोरी माझी. न तपासता वापरली मी,” ते म्हणाले. “तू चांगलंच केलंस, वास येत होता.”

“मग राहू द्या ना आता. गेला तो सामना. ती पोरगी आज ना उद्या विसरेल. सांगून तिला काय मिळणार आहे? आणि तुमचं काय होईल? इतक्या वर्षांचं नाव आहे तुमचं.”

“नाव कशाचं आहे?” त्यांनी विचारलं. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं, म्हणूनच मला त्यांचा राग आला. काही माणसांना सोप्या वाटेने घरी येताच येत नाही.

दुसऱ्या दिवशी हे क्लबच्या सेक्रेटरीकडे गेले. मीही गेले बरोबर. घरी बसून काळजाला पीळ पाडून घेण्यापेक्षा ते बरं. सेक्रेटरींचं औषधांचं दुकान आहे. त्यांनी सगळं ऐकलं, मध्ये एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं, मग काउंटरवर कोपरं टेकून खालच्या आवाजात बोलले.

“साहेब, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण जी आखली ती रेषा. दोन्ही बाजूंची डी त्याच दोरीने आखली होती ना? मग दोघांनाही सारखंच. निकाल काही बदलत नाही. तो संघ पुढे गेलासुद्धा.”

“निकाल बदला असं मी म्हणतच नाही,” हे म्हणाले. “पोरींना सांगायचंय.”

“कशाला पण? उगाच चव्हाट्यावर आणायचं. उद्या प्रत्येकाचा बाप टेप घेऊन मैदानात उतरेल. प्रत्येक हरलेला सामना उकरून काढतील. मग मला तुम्हाला शिट्टी देता यायची नाही, हे आत्ताच सांगतो. रागावू नका.”

“नाही रागावत. बरोबर आहे तुमचं.”

“म्हणजे नाही ना सांगणार?”

“म्हणजे शिट्टी नका देऊ,” हे म्हणाले. आणि खोकल्याच्या गोळ्यांचं एक पाकीट घेतलं. खोकला कुणालाच नव्हता. दुकानात उगाच वेळ घेतला म्हणून असेल.

रस्त्याने येताना मला आठवत होता तो खुललेला चेहरा, खात्रीने बोलता येतं म्हणतानाचा. तेवढी एकच जागा होती ह्यांना. ती आपल्या हाताने सोडून हा माणूस गोळ्यांचं पाकीट खिशात घालून रस्त्याच्या कडेने शांत चालला होता. रागही येत होता आणि जीवही तुटत होता.

संध्याकाळी सरावाच्या वेळेला आम्ही मैदानावर गेलो. पोरी स्टिका टेकवून गोळा झाल्या. ह्यांनी सांगितलं, लांबण लावली नाही. दोरी धुतली गेली, आटली, मी तपासली नाही, डी लहान आखली गेली. कुणी धुतली ते सांगितलं नाही. मीच मध्ये म्हणाले, “मी धुतली.” पोरींनी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, आणि मग सगळ्याजणी मधलीकडे बघायला लागल्या.

“टेपचं टोक धर,” हे तिला म्हणाले.

तिने खांबाशी बसून टोक धरलं. हे टेप सोडत गेले. रेषा फिकट झाली होती, पण खड्डा होता तसाच. त्या जागेवर गवत अजून फुटलं नव्हतं. त्यांनी टेप ताणली, वाकून खरं अंतर बघितलं आणि तिथे चुन्याची चिमूट टाकली. ठिपका खड्ड्याच्या बाहेर पडला, चांगला वीतभर बाहेर. कुणाला वाकून बघायची गरज नव्हती.

मधली उठून तिथवर आली. ठिपक्याकडे बघत राहिली.

“म्हणजे आम्ही गेलो असतो,” ती म्हणाली.

“हो.”

“आता?”

“आता नाही. निकाल तोच राहणार. ते माझ्या हातात नाही.”

“मग मला कशाला सांगितलंत?” ती म्हणाली. “मला वाटायला लागलं होतं, मीच चुकले असेन. जमत होतं मला तसं. आता काय करू मी ह्याचं?”

एक पोरगी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेली, तो तिने झटकला. मला वाटलं, मी म्हणत होते तेच खरं झालं, उगाच पोरीच्या जखमेवरची खपली काढली ह्यांनी. ह्यांचा चेहरा उतरला होता. ते काही समजावायला गेले नाहीत. समजावण्यासारखं काही नव्हतंच.

“तू आत होतीस,” ते म्हणाले. “मी बाहेर म्हणालो. पंचाने चुकीचं सांगितलं तर बरोबर काय ते पंचानेच सांगायचं असतं. ते काम माझं राहिलं होतं. दुसरं काही मला देता येत नाही.”

मग त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि वाजवली. लांब, सामन्यात वाजवतात तशी. पलीकडच्या बाजूला पळणारी माणसं थांबून बघायला लागली. गोल झाला की पंच वळतो आणि दोन्ही हात समोर सरळ धरून मैदानाचा मध्य दाखवतो; गोल धरला, आता मध्यावरून पुन्हा सुरू करा, असा त्याचा अर्थ. हे वळले. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत समोर धरले आणि मध्याकडे बघत उभे राहिले.

कुणीच हललं नाही. मधली बाहीने तोंड पुसत होती, पुन्हा पुन्हा. मग तिने खाली पडलेली स्टिक उचलली आणि मध्याकडे चालायला लागली. धावत नाही, चालत. बाकीच्या पोरी एकेक करून तिच्या मागून निघाल्या.

ह्यांचा एक खांदा हल्ली दुखतो. पण मधली मध्यावर पोचेपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत.